तीन वर्षं की चार? आधी ग्रॅज्युएट कोण ते ठरवू

गेली दोन-तीन वर्षं कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की बेळगावात एक वाद हमखास पेटतो: पदवी तीन वर्षांची बरी की चार वर्षांची? निमित्त सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदवीला लागू करण्यात कर्नाटक देशात पहिलं होतं आणि २०२१-२२ पासून इथल्या कॉलेजांत चार वर्षांची रचना आली. पुढे सरकार बदललं, प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा वेगळा आयोग बसला, त्याचा अंतरिम अहवाल आला आणि मे २०२४ मध्ये आदेश निघाला की २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत नवं धोरण सुरू झालं. सीमाभागात कुठलाही वाद शेवटी दोन राज्यांच्या भांडणावर जातोच, तसा हाही गेला. महाराष्ट्र पुढे निघाला आणि कर्नाटकाने आपल्या पोरांना मागे ओढलं, असं एक म्हणतो. कर्नाटकाने गरिबांचा विचार केला आणि महाराष्ट्र दिल्लीपुढे वाकला, असं दुसरा म्हणतो. थोरात मूळचे अमरावती जिल्ह्यातले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. तेव्हा या निर्णयात मराठी-कन्नड शोधणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात घ्यावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवी मानावी, ज्याला हवं त्याला चौथं वर्ष सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळावं, आणि वर्षांच्या आकड्यावर वाया जाणारी आपली सगळी ताकद त्या कागदावर काय लिहिलेलं असतं, तो कशाला चालतो आणि कुठे अडतो, याच्यावर लावावी. ‘ग्रॅज्युएशन’ हा शब्द आपण एकच समजून भांडतोय. प्रत्यक्षात तो निदान पाच-सहा वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्या गोंधळाची किंमत सीमाभागातली मुलं मोजतात.

आपल्या घरांतलंच बोलणं बघा. तीस-पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलेला कुणीही सांगेल, माजी विद्यार्थी भेटला की संवाद ठरलेला असतो. “काय रे, डिग्री झाली काय?” “झाली की सर. दोन सब्जेक्ट राहिलेत तेवढे.” मुलगा खोटं बोलत नसतो. त्याच्या दृष्टीने सहाव्या सेमिस्टरला बसला म्हणजे डिग्री झाली. त्याच्या आईच्या दृष्टीने कॉलेजच्या ‘ग्रॅज्युएशन डे’ला काळा गाऊन घालून फोटो काढला तेव्हा झाली. बँकेच्या दृष्टीने सगळे मार्क्स कार्ड आणि प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं सर्टिफिकेट, हातात येईल तेव्हा होईल. विद्यापीठाच्या दृष्टीने घटिकोत्सवात, म्हणजे पदवीदान समारंभात, नाव मंजूर होऊन कॉन्व्होकेशन सर्टिफिकेट निघेल तेव्हा होईल. निकाल लागणं आणि हे शेवटचं सर्टिफिकेट हातात पडणं यांत बरेच महिने जाऊ शकतात. स्पर्धापरीक्षेचा अर्ज भरताना ‘पदवी मिळाल्याची तारीख’ या रकान्यापाशी येऊन मुलं थांबतात, कारण चारपैकी कुठली तारीख लिहायची हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. जाहिरातीत अमुक तारखेपर्यंत पदवी हवी अशी अट असली की हा रकाना म्हणजे अख्ख्या वर्षाचा प्रश्न होतो.

हल्ली बालवाडीतही ग्रॅज्युएशन डे होतो. यूकेजी संपवणाऱ्या पोरांना छोटी टोपी आणि गाऊन घालतात. यावर नाकं मुरडणारे बरेच आहेत, मला तसं वाटत नाही. ज्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, त्या घरातल्या आईबापांना आपलं पोर त्या पोशाखात बघावंसं वाटतं, यात वाईट काय? वाईट याचं वाटतं की खऱ्या पदवीदान समारंभाला यातलीच अनेक मुलं पुढे जात नाहीत. फी भरतात आणि गैरहजेरीत सर्टिफिकेट मागवून घेतात.

समुद्रापलीकडे गेलं की अर्थ आणखी बदलतो. अमेरिकेत बारावी संपली की मूल ‘हायस्कूल ग्रॅज्युएट’ होतं, आपण ज्याला पोस्ट-ग्रॅज्युएशन म्हणतो त्याला तिकडे ग्रॅज्युएट स्कूल म्हणतात आणि आपला बी.ए.चा विद्यार्थी तिथे अंडरग्रॅज्युएट असतो. परदेशी जाऊ पाहणाऱ्याला हे माहीत नसेल तर अर्जाच्या पहिल्याच पानावर घोळ होतो. चार वर्षांच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा इथूनच येतो.

तो मुद्दा मान्य केलाच पाहिजे. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एम.एस.साठी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. आपलं दहा, दोन आणि तीन मिळून पंधरा होतं. इंजिनिअरिंगच्या मुलाचं चार वर्षांमुळे आपोआप सोळा भरतं, बी.एस्सी.वाला मात्र अडतो. देशातही चौथ्या वर्षाला अर्थ आहे. चार वर्षांची पदवी केलेल्याला एम.ए., एम.एस्सी. एका वर्षात करता येते, आणि चार वर्षांत पंचाहत्तर टक्के गुण असतील तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे थेट पीएच.डी.च्या प्रवेशालाही बसता येतं. हुशार आणि संशोधनाची ओढ असलेल्या मुलीसाठी ही खरी संधी आहे. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मुलीच्या डोक्यात जीवशास्त्र बसलं असेल, तर केवळ ती सीमेच्या या बाजूला जन्मली म्हणून तिला चौथं वर्ष का नाकारायचं? कर्नाटकाने आधी प्रवेश घेतलेल्यांना चौथ्या वर्षाची मुभा ठेवली, त्यानंतरच्यांसाठी दार लावलं. इथे कर्नाटक चुकलं, असं मी स्पष्ट म्हणतो.

पण चार वर्षांमुळे शिक्षण आपोआप भारदस्त होतं, हा त्यापुढचा दावा टिकत नाही. आपल्या आजोबांची बी.ए. आठवा. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं आणि धारवाडला कर्नाटक विद्यापीठ निघेपर्यंत इथली कॉलेजंही मुंबई विद्यापीठाकडेच होती. अकरा वर्षांनी मॅट्रिक आणि त्यानंतर चार वर्षांनी बी.ए. म्हणजे त्यांची पदवी चार वर्षांचीच होती, आणि शिक्षणाची एकूण वर्षं भरायची पंधरा. मग कोठारी आयोगाने सुचवलेला दहा, दोन, तीनचा साचा आला. महाराष्ट्रात १९७५ साली जुनी अकरावीची आणि नवी दहावीची अशी एस.एस.सी. एकाच वर्षी झाली, तो गोंधळ आठवणारी माणसं अजून आहेत. त्या बदलानंतर पदवी तीन वर्षांची झाली आणि एकूण वर्षं तरीही पंधराच राहिली. मग आजोबांची चार वर्षांची पदवी नातवाच्या तीन वर्षांच्या पदवीपेक्षा मोठी होती का? मोजायला कुठून सुरुवात करायची, एवढाच फरक होता. इंग्लंडात आजही बहुतेक पदव्या तीन वर्षांच्या आहेत आणि स्कॉटलंडमध्ये चार वर्षांच्या. म्हणून लंडनचा पदवीधर एडिनबराच्या पदवीधरापेक्षा कच्चा, असं कुणी म्हणत नाही.

आता तीन वर्षांच्या बाजूकडे वळतो, कारण तिथेही युक्तिवाद सरळ होत नाही. चौथं वर्ष म्हणजे गरिबाच्या डोक्यावर आणखी एका वर्षाचा खर्च, असं सांगितलं जातं. खर्चाचा मुद्दा खराच आहे. कणकुंबी-जांबोटीकडून रोज बसने बेळगावला येणाऱ्या मुलीचं एक वर्ष म्हणजे पास, जेवणाचा डबा, शहरात काम करून मिळू शकले असते ते पैसे आणि घरात लग्नाची चाललेली बोलणी, असं सगळं मिळून होतं. पण मूळ धोरणात चौथं वर्ष सक्तीचं होतं कुठे? तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायची सोय त्यातच होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांना १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून धरलेलं माप) आणि चार वर्षांना १६० असा हिशेब स्पष्ट मांडलेला आहे. सक्ती नसलेल्या गोष्टीचा खर्च दाखवून ती सगळ्यांसाठी बंद करायची, हे गरिबाच्या हिताचं कसं? श्रीमंताचा मुलगा खासगी विद्यापीठात जाऊन चार वर्षं पुरी करतो. सरकारी कॉलेजातल्या मुलाचाच पर्याय तेवढा गेला.

धोरण आणलं तेव्हा प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, खुल्या ऐच्छिक विषयांना वर्ग नाहीत, वेळापत्रक जुळत नाही, अशी अवस्था होती हे मात्र मान्य करतो. मुलांनी नावं ऐकून विषय निवडले आणि शेवटी कॉलेजात जो शिक्षक होता त्याचाच विषय शिकले. त्यावर उपाय शिक्षक नेमणं हा होता. एक वर्ष कापल्याने रिकामी जागा भरत नाही.

दिल्ली विद्यापीठाने हा प्रयोग आधीच करून पाहिलाय. २०१३ मध्ये तिथे चार वर्षांची पदवी घाईघाईने आली आणि २०१४ मध्ये त्याहून घाईने गेली. मधल्या एका तुकडीला वर्षभर एका रचनेत शिकून पुन्हा दुसऱ्या रचनेत बसवावं लागलं. पुढे २०२२ मध्ये चार वर्षं परत आली. यात जिंकलं कोण? एकदा एका पक्षाने शाबासकी घेतली, एकदा दुसऱ्याने. त्या तुकडीतल्या मुलांना आपली मार्कशीट मुलाखतीत समजावून सांगावी लागली. आपल्याकडे आज तेच चाललंय, आणि भरीला दोन राज्यं आहेत. एकाच घरातली थोरली २०२२ ला बी.कॉम.ला गेलेली, तिच्या मार्क्स कार्डवर नव्या धोरणाची क्रेडिट. धाकटी त्याच कॉलेजात २०२४ ला गेली, तिचा अभ्यासक्रम वेगळा, विषयांची वाटणी वेगळी. मामाचा मुलगा चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे, त्याच्यापुढे तीन किंवा चार असे दोन्ही पर्याय. तिघंही उद्या स्वतःला बी.कॉम. म्हणणार. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा मालक हिशेबनीस नेमायला बसला, तर या तीन कागदांतून त्याला काय कळणार?

मधल्या वाटेने बाहेर पडणाऱ्यांची गोष्ट जरा सविस्तर बोलायला हवी, कारण नव्या धोरणाची ही बाजू सर्वांत जास्त गाजवली गेली. एका वर्षाने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. याच्या बाजूनेही खरं बोलणं आहे. पूर्वी एस.वाय.ला शिक्षण सुटलं की हातात काहीच उरत नसे. इंग्रजी अमदानीत लोक आपल्या नावापुढे ‘बी.ए. नापास’ असंही लावत, कारण तिथपर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट होती आणि कचेरीत त्यालाही किंमत होती. तेव्हा अर्धवट शिक्षणाचीही नोंद राहावी, क्रेडिट जमा राहावीत आणि परत यायची वाट उघडी असावी, हे मला पटतं. पण बाहेर कोण पडतं ते पाहा. लग्न ठरलेली मुलगी, वडिलांचा अपघात झालेला मुलगा, गोव्यात हॉटेलात काम मिळालेला पोरगा. यांतल्या कुणी सर्टिफिकेट मिळतंय म्हणून कॉलेज सोडलेलं नसतं. फाउंड्रीत आयटीआयच्या फिटरला किंमत आहे, पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला आहे, कारण तो माणूस मशीनवर काय करू शकतो हे मालकाला माहीत आहे. बी.ए.चं एक वर्ष केल्याच्या सर्टिफिकेटचं काय करायचं, हे त्याला माहीत नाही आणि ते देणाऱ्या कॉलेजलाही सांगता येत नाही. शिवाय एक धोका मला दिसतो. गळती झालेल्या मुलांना ‘सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडले’ असं म्हटलं की कागदोपत्री गळतीच नाहीशी होते. मग तिच्यावर उपाय कोण शोधणार? वसतिगृह, शिष्यवृत्ती, संध्याकाळची बस या गोष्टी मागायला आधी गळती गळती म्हणून दिसावी लागते.

आता एक उदाहरण, जे बेळगावकराइतकं दुसऱ्या कुणाला जवळचं नसेल. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आपल्या शहरात आहे आणि आपल्या गावागावांत निवृत्त हवालदार, सुभेदार आहेत. दहावीवर भरती झालेल्या अशा माणसाने निदान १५ वर्षं सेवा केली असेल, तर त्याला निवृत्तीच्या वेळी ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’ मिळतं. प्लास्टिकच्या फाईलमध्ये डिस्चार्ज बुकाच्या मागे ते जपून ठेवलेलं असतं. केंद्राच्या नियमाप्रमाणे माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या गट ‘क’च्या ज्या जागांना पदवी लागते, त्यांना ते चालतं. तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता लागणाऱ्या जागांना चालत नाही आणि एम.ए.च्या प्रवेशालाही नाही. कॉलेजातल्या माझ्या काही सहकाऱ्यांना हे खटकायचं. एकही पेपर न देता ग्रॅज्युएट कसा, असं ते विचारत. मला ही व्यवस्था प्रामाणिक वाटते. १५ वर्षांच्या सेवेत जी शिस्त आणि जबाबदारी अंगी येते ती अमुक कामांना पुरेशी आहे, एवढंच सरकार म्हणतं, आणि कुठल्या कामांना हेही लिहून ठेवतं. अग्निवीरांसाठी २०२२ मध्ये इग्नूच्या मदतीने जाहीर झालेल्या तीन वर्षांच्या पदवीतही निम्मी क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाची आणि निम्मी अभ्यासाची, हे उघड सांगितलेलं आहे. पदवीला वेगवेगळे अर्थ असायला हरकत नाही. प्रत्येक अर्थाची हद्द लिहिलेली असावी, इतकंच.

राज्यघटनेनेही हा शब्द असाच हद्द आखून वापरला आहे. विधान परिषदेच्या एक बारांश जागा पदवीधरांनी निवडायच्या असतात आणि मतदार होण्यासाठी पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात. पदवी देशातल्या कुठल्याही विद्यापीठाची चालते. कोल्हापूरला शिकून बेळगावात राहणारा वायव्य कर्नाटक पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवू शकतो, धारवाडला शिकून कोल्हापुरात स्थायिक झालेला पुणे पदवीधर मतदारसंघात. तिथे तीन की चार असं कुणी विचारत नाही. मतदार यादीला जे साधलं, ते एम.कॉम.च्या प्रवेशाच्या खिडकीवर का साधत नाही?

त्या खिडकीवर प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. बेळगावची पदवी घेऊन मुलगी कोल्हापूरला एम.ए.ला जाते. मायग्रेशन आण, एलिजिबिलिटी आण, प्रोव्हिजनल चालणार नाही, चालेल पण हमीपत्र दे, अशी सुरुवात होते. मग कुणीतरी मार्क्स कार्ड उलटसुलट बघून विचारतं, हे क्रेडिट कसे धरायचे? उत्तर टेबलापलीकडच्या माणसाकडेही नसतं, त्याचा दोष नाही. दुसरीकडे महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात आपलं मानतं, त्यांच्यासाठी वेगळा उमेदवार-प्रकार आहे. ही आपुलकी मोलाची आहे आणि अनेक घरं तिच्यामुळे डॉक्टर-इंजिनिअर पाहू शकली. पण साध्या बी.ए.-बी.कॉम.च्या मुलाला आपुलकीइतकीच समकक्षतेची गरज असते, आणि त्याच्याबद्दल बोलायला ना आपले सीमाप्रश्नाचे नेते तयार असतात ना तिकडचे मंत्री.

पदवीत काय असावं याबद्दल माझी अपेक्षा मोठी नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मापाच्या नळीवरच्या रेघांनाही इंग्रजीत ग्रॅज्युएशन म्हणतात. नळी लांब आहे की आखूड याला तिथे महत्त्व नसतं, पन्नासच्या रेघेपर्यंत पाणी भरलं की ते कुठल्याही प्रयोगशाळेत पन्नासच भरलं पाहिजे. तीन वर्षांच्या बी.कॉम.वाल्याला एका दुकानाचं जीएसटी विवरण भरता यावं, बी.ए.वाल्याला एखाद्या सरकारी आदेशाचा गोषवारा आपल्या शब्दांत पानभर लिहिता यावा, बी.एस्सी.वाल्याला स्वतः केलेल्या प्रयोगाची नोंद स्वतः लिहिता यावी. हे होत नसेल तर चौथं वर्ष घालून काय होणार? आणि आपल्या मुलांकडे जे खरोखर आहे, ते तर कुठल्याच कागदावर येत नाही. निपाणी, खानापूर, बेळगावचा मुलगा घरी मराठी बोलतो, तालुका कचेरीत कन्नड अर्ज वाचतो आणि परीक्षा इंग्रजीत देतो. आजीचा पेन्शनचा कागद तो कन्नडातून मराठीत समजावतो आणि तिचं म्हणणं परत कन्नडात लिहून देतो. तिन्ही भाषांतलं हे कामकाज इथल्या बँका, पतसंस्था, दवाखाने, कोर्टं यांना रोज लागतं. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांनी त्याची एक परीक्षा घेऊन पदवीत क्रेडिट द्यावं. त्याला चौथं वर्ष लागत नाही आणि नवं धोरणही.

बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ यांनी मिळून तूर्त एक तक्ता काढावा, मराठीत आणि कन्नडात. २०२१ पासूनच्या प्रत्येक तुकडीची पदवी किती क्रेडिटची, पलीकडे ती कशाच्या बरोबरीची, कुठल्या प्रवेशाला पुरते, कुठे एक वर्ष कमी पडतं, प्रोव्हिजनलवर काय होतं आणि मूळ सर्टिफिकेट कुठे लागतं, एवढं त्यात असावं. तो बारावी-पीयूसीच्या निकालाआधी प्रत्येक कॉलेजच्या दारावर लागावा, म्हणजे मूल प्रवेश घेतानाच ठरवू शकेल. दोन परीक्षा विभाग एकत्र बसले तर हे काम काही दिवसांचं आहे, आणि त्यासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नाही.